डोक्याकडची रुंदी

नगर,
९ फेब्रुवारी २०२५

सौ. ग्रेसवहिनीस,
स्टेलाचा सप्रेम सलाम, वि. वि.

मी इथे बरी आहे. तिथली खुशाली रोज फोनवर विचारते आणि आई रोज सगळं बरं आहे म्हणते. पण फोन दादाचा, आणि आईला ऐकू यावं म्हणून तो कायम स्पीकरवर. त्यावर तुझ्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या वस्तीशी बोलायचं. म्हणून हे पत्र. परीक्षेतल्या मागणीपत्रांपलीकडे मी कधी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

टाके सुकले का? दूध आटायच्या गोळ्या संपल्या असतील. छाती अजून दुखत असेल तर लाजू नकोस, दादाला सांग आणि घोडेगावच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून ये.

वस्तीवरच्या बायका काय म्हणतात ते आईने सांगितलं. दिवस गेले असताना तू घोडेगावच्या बाजारात ती पाच पायांची गाय पाहिलीस, म्हणून बाळ तसं झालं. वहिनी, हे साफ खोटं आहे. एका जिवाचे दोन व्हायचे असतात ते अगदी सुरुवातीला, तुला स्वतःला कळायच्याही आधी. तू गाय पाहिलीस तेव्हा चौथा महिना सरत आला होता. तेव्हा बाळाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले ते एवढं ठासून सांगता यावं म्हणूनच, असं समज.

बाळाची काळजी करू नकोस. ते आमच्या मेडिकल कॉलेजात, माझ्या विभागाच्या संग्रहालयात आहे, आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. चर्चची पंचमंडळी म्हणाली, बाप्तिस्मा नाही आणि शिवाय तसलं, कबरस्थानात कसं घ्यायचं. तेव्हा मला फार राग आला होता. म्हणून दवाखान्याच्या व्हरांड्यात मीच दादाला म्हणाले, यांच्याकडे मातीची भीक मागण्यापेक्षा कॉलेजला देऊ. दादाने सही केली. तू गुंगीत होतीस. पण शुद्धीवर आल्यावर मी विचारलं तेव्हा तू मान हलवलीस, ते मी विसरलेले नाही. उद्याचे डॉक्टर त्या बाळाकडून शिकतील. दुसऱ्या एखाद्या आईला वेळेत कळेल. हे पुण्य लहान नाही.

आईला, तुझ्या आत्याबाईंना, सलाम सांग. तुझी माया अशीच राहो.

तुझी नणंद,
स्टेला

*

घोडेगाव,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय वन्सं,
ग्रेसचा सलाम.

पत्र पोचलं. पोस्टमननं वस्तीवर हाक मारली तर आत्याबाईंना वाटलं कोर्टाचं काय आलं. लई हसलो. लई दिवसांनी हसले. माझ्या शुद्धलेखनाला तुमी हसू नका, म्हंजे झालं.

टाके सुकले. दूध आटलं.

तुमी गाईचं लिहिलं ते मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हनल्या, स्टेला शिकली हाय, तिचं खरं आसंल. मग थोड्या वेळानं म्हनल्या, पन तू बगायला नको हुतं. मी तरी कुठं हट्टानं गेल्ते. आमी शेळी बगायला गेल्तो. जुन्या लुगड्यांचा पडदा बांधला हुता, दहा रुपये घेऊन आत सोडत हुते. तुमचे भाऊ म्हनले चल, आलोच हाय तर. गाईच्या खांद्यावर तो जादा पाय लोंबत हुता, त्याला घुंगरू बांधलं हुतं. मानसं हात लावून पाया पडत हुती. ती गाय आमच्याकडं बगत न्हवती. सारखी मागं दाराकडं बगत हुती. तेवढंच माझ्या ध्यानात हाय.

मला एक इचारायचं हाय. बाळ मला कुनी दाखवलं न्हाई. सिस्टर म्हनली, नको बगू, जन्मभर डोळ्यापुढून जानार न्हाई. तुमचे भाऊ म्हनतात त्यांनीबी बगितलं न्हाई, नुसती सही केली. तुमी रोज बगता. मुलगा का मुलगी? डोळे उघडे हायत का मिटलेले? तिथं आंधार आसतो का?

तुमचे भाऊ सुतारकामाला जातात. मागल्या हप्त्यात थोरातगुरुजींची आई वारली, तिला पुरायची पेटी केली. चांगली केली, सगळे म्हनत हुते. घरात काय बोलत न्हाईत.

आमच्यावर लोभ आसावा, तुमी लिहीत राहा.

तुमची वहिनी,
ग्रेस

*

नगर,
२७ फेब्रुवारी २०२५

सौ. वहिनीस,
सप्रेम सलाम, वि. वि.

शुद्धलेखनाला हसले नाही. पत्र दोनदा वाचलं.

मुली आहेत. रजिस्टरला एकच नोंद आहे, कारण छाती एक, हात दोन, पाय दोन. पण तुला सांगताना मी मुलीच म्हणेन. डोळे मिटलेले आहेत, चारही. माना एकाच बाजूला वळलेल्या आहेत, त्यामुळे एकीचं कपाळ दुसरीच्या कानामागे टेकलं आहे. केस आहेत, काळे, आपल्या घरासारखे दाट. ओठ तुझे आहेत. असं लिहू नये, शास्त्रात असं काही म्हणत नाहीत, पण मला तसं वाटतं.

खोलीला उत्तरेकडे खिडकी आहे. दिवसभर उजेड असतो, ऊन मात्र येत नाही. खोली मी स्वतः झाडते, काचा पुसते. शिपाई पुसायला लागले तर मी त्यांच्याकडून फडकं काढून घेते, म्हणून ते मला कलेक्टरीणबाई म्हणतात.

पहिल्या वर्षाची मुलं गटागटाने येतात. मी त्यांच्यासाठी एक तक्ता काढला आहे. एकाचे दोन कसे होतात आणि कुठे अडतात, ते त्यात आहे. पंकजा मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, तो भिंतीवर लावला. बरणीवरची चिठ्ठीही मलाच लिहायला सांगितली, माझं अक्षर चांगलं म्हणून. कपाटात फार जुन्या बरण्या आहेत, एका डोळ्याचं करडू, दोन तोंडांचं पिल्लू. त्या सगळ्यांवर इंग्रज डॉक्टरांच्या काळातली लॅटिन अक्षरं आहेत. तशीच मी काळ्या शाईने लिहिली: लूसस नॅचुरी. छान दिसतात. बघणारा आदराने बघतो.

दादाला म्हणावं, बोलायला पेटीएवढी मेहनत लागत नाही. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
स्टेला

*

घोडेगाव,
१० मार्च २०२५

प्रिय वन्सं,
ग्रेसचा सलाम.

मुली. मी कागद छातीशी धरून बसले. आत्याबाई म्हनल्या काय झालं, तर मी म्हनले मुली हुत्या. त्या उठून चुलीपाशी गेल्या आन् तिथं काय काम नसताना उगा बसून राहिल्या.

तुमी त्यांना नाव दिलं, लई बरं केलं. मला वाटत हुतं, बिननावाच्या पडल्या हायत. लूसस नॅचुरी. मी लिहून बायबलात ठेवलंय. आत्याबाईंना म्हनता येत न्हाई, त्या म्हनतात हे मिशनच्या मडमेचं नाव वाटतंय. आपल्यात नावाला अर्थ आसतो. माझा कृपा, आत्याबाईंचा दया. तुमचा तारा, हे तुमीच सांगितलेलं. तर ह्या नावाचा अर्थ काय? दोगींचं मिळून एक हाय का पयल्या शब्दाची एक न् दुसऱ्याची दुसरी?

ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ चालू हाय. उत्तर लवकर धाडा.

तुमची,
ग्रेस

*

नगर,
२ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,
सलाम.

उत्तर उशिरा लिहिते आहे. फोनवर तू मागून विचारलंस तेव्हाही मी आवाज येत नाही म्हणाले. आवाज येत होता.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी पंकजा मॅडमना अर्थ विचारला. त्या पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, निसर्गाची गंमत. खेळ म्हण हवं तर. जुने इंग्रज लेखक असल्या जन्मांना असं म्हणत, जनावर असो की माणूस. मग म्हणाल्या, का गं? मी म्हटलं, काही नाही.

ते नाव नाही, वहिनी. मी अर्थ न विचारता लिहिलं. करडावर होतं, पिल्लावर होतं, अक्षरं छान होती, म्हणून माझ्या भाच्यांवरही लिहिलं.

हे तुला सांगू नये असं ठरवून मी तीन आठवडे काढले. पण गेल्या सोमवारी एक गट आला. मी तक्ता समजावत होते. मागे दोघं हसत होते. एकाने बरणीशेजारी तोंड नेऊन मोबाईलवर फोटो काढला आणि दुसऱ्याला म्हणाला, बघ, परीक्षेला हिच्या शेजारी बसायला मिळालं तर दोन डोकी चालतील. सगळा गट हसला. तक्त्यापाशी उभ्या असलेल्या मुलीही हसल्या. मी फोटो पुसायला लावला. मॅडम त्याला ओरडल्या, पण नंतर मला म्हणाल्या, इतकं मनाला लावून घेतलंस तर या खोलीत काम कसं करशील.

चिठ्ठी मी काढून टाकली आहे. आता बरणीवर नुसता आकडा आहे. त्यानेही बरं वाटत नाही.

मुलं आदराने बघतात असं मी तुला लिहिलं होतं. काही बघतात. काही नाही.

रागावलीस तर रागाव, पण लिही.

स्टेला

*

घोडेगाव,
९ एप्रिल २०२५

प्रिय वन्सं,
सलाम.

रागावले न्हाई. दोन दिवस जेवन गेलं न्हाई, मग गेलं.

बाजारात पडदा हुता, तुमच्याकडं काच हाय. तिथं घुंगरू बांधलं हुतं, इथं चिठ्ठी लावली. मी आडानी हाय, मला दुसरा फरक दिसत न्हाई. तुमी रडू नका. तुमी चांगल्या मनानं केलं ते मला ठावं हाय. मी मान हलवली तेबी खरं हाय. पन तेव्हा मला दोन बाटल्या रगत चढवलं हुतं. कुनी म्हनलं आसतं तुझं घर जाळू का, तरी मी मान हलवली आसती.

मला माझ्या पोरी पायजेत. बगायच्या हायत, आन् मग मातीला द्यायच्या हायत. कुठं ते मला म्हाईत न्हाई. पंच न्हाई म्हनले तर परसात, शेवग्याखाली. पन आनायच्या.

तुमच्या मॅडमला इचारा.

ग्रेस

*

नगर,
१४ एप्रिल २०२५

ती. जोएलदादास,
स्टेलाचा शि. सा. सलाम, वि. वि.

दुकानात माणसं असतात आणि घरी फोन स्पीकरवर, म्हणून तुलाही पत्रच. वहिनीला मुली परत हव्या आहेत. मी पंकजा मॅडमना विचारलं. आधी म्हणाल्या, मे महिन्यात तपासणीची समिती येणार, आत्ता कपाट रिकामं कसं दाखवू. मी उभीच राहिले. तेव्हा म्हणाल्या, बापाने संमती दिली आहे, बापाने लेखी मागितलं तर मी अडवणार नाही, माझी मालमत्ता नाही ती. पण दुसऱ्या कोणाच्या अर्जावर देणार नाही, तुझ्या तर नाहीच.

म्हणजे सगळं तुझ्यावर आहे. चार ओळींचा अर्ज. मजकूर सोबत जोडला आहे, तू फक्त सही कर.

दादा, सही करायला तुला मी भाग पाडलं होतं. परत मागायलाही मीच सांगते आहे. आशीर्वाद असू दे.

तुझी धाकटी बहीण,
स्टेला

*

घोडेगाव,
१७ एप्रिल २०२५

चि. स्टेलास,
जोएलचा आशीर्वाद.

अर्ज मिळाला. सही करनार न्हाई.

तू नगरला ऱ्हातीस. हितं मी ऱ्हातो. दुकानात गिऱ्हाईक खिडकीचं माप द्यायला येतं आन् जाताना इचारतं, खरंच दोन हुती का. आठवडे बाजारात एकानं पाठीमागनं गाईवाला म्हनून हाक मारली. आत्ता कुटं ते थंडावलंय. तू बाळ घेऊन आलीस की सगळी वस्ती बगायला जमा हुनार. मी कुनाकुनाला दारातून हाकलू?

तू म्हनलीस कॉलेजला देऊ, दिलं. आता तू म्हनतीस परत मागा. शिकल्याली मानसं सारखं ठरवत्यात, आमी सारखं सही करतो. तिथं हाय तर तिथं ऱ्हाऊ दे. ग्रेस इसरंल.

सनाला घरी ये.

तुजा भाऊ,
जोएल

*

घोडेगाव,
२२ एप्रिल २०२५

प्रिय वन्सं,
सलाम.

सनाला तुमी आला न्हाई. वाट बगितली. बरं केलं म्हना, घरात बोलनं न्हवतं.

ईस्टरला पहाटं सगळे कबरस्थानात गेलो. तुमाला म्हाईत हाय, आदल्या दिशी ज्यानं त्यानं आपापल्या कबरीला चुना दिला हुता. फुलं, मेनबत्त्या. आमी एलियाआजोबांपाशी बसलो. मी झेंडूची एक माळ जादा गुंफली हुती. सगळ्यांची गानी झाली, लोकं उठली, तरी माळ माझ्या हातात. कुठं ठेवू? आत्याबाईंनी बगितलं. म्हनल्या, आन हिकडं. त्यांनी ती आजोबांच्या पायाशी जी रिकामी जागा हाय तिथं भुईवर ठेवली आन् पाळकसाहेबांना हाक मारली. म्हनल्या, ही जागा आमच्या सासऱ्यानं आमच्यासाठी राखली, माझी हाय, मी ती नातींना दिली. मला कुठंबी टाका. पंचांना काय बोलायचं आसंल तर माझ्याशी बोला.

पाळकसाहेबांनी वाकून माळ सरळ केली. मग म्हनले, दयाबाई, मीच तवा पंचांपुढं बोलायला पायजे हुतं.

तुमचे भाऊ मागं उभे हुते. त्यांनी सगळं ऐकलं.  घरी आल्यावर दुकानात गेले आन् दार लावून घेतलं. सनाच्या दिशी. दुपारपातुर रंध्याचा आवाज येत हुता. मी इचारलं न्हाई.

माया ठेवा.

ग्रेस

*

घोडेगाव,
२८ एप्रिल २०२५

चि. स्टेलास,
आशीर्वाद.

अर्ज सही करून सोबत धाडला हाय.

सागाची फळी घेतली. मी लेकरांच्या पेट्या आजवर लई केल्या, त्या खांद्यापाशी रुंद आन् डोक्याकडं निमुळत्या आसत्यात. ही तशी चालनार न्हाई. मी बगितलं न्हाई. डोक्याकडची रुंदी कळव. अंदाजानं नको. माझ्या हातनं एक माप चुकलं हाय, दुसरं चुकायला नको.

जोएल

*

नगर,
२ मे २०२५

ती. दादास,
शि. सा. सलाम.

अर्ज मॅडमना दिला. त्यांनी वाचला आणि लगेच सही केली. समितीचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, रविवारी कॉलेज बंद असतं, तेव्हा ने. फॉर्मेलीन धुऊन कसं काढायचं ते त्यांनी स्वतः मला दाखवलं, दोन दिवस पाणी बदलावं लागतं.

माप सोबतच्या दोऱ्याचं घे. आकडा लिहिणार होते, पण आकडे मी त्यांच्यावर आधीच लिहिले आहेत. दोऱ्याची पहिली गाठ उंचीची, दुसरी डोक्याकडच्या रुंदीची. दोघींच्या कपाळांवरून दोरा नेला आहे. उशी एकच कर, रुंद. दोघी एकीकडेच वळलेल्या आहेत, वेगळ्या उशा बसणार नाहीत.

बाकीच्या बरण्यांवरच्याही चिठ्ठ्या मी काढल्या. त्यात माणसाची तीन बाळं आहेत, फार जुनी. त्यांच्या चिठ्ठीवर आईचं नावगाव काहीच नाही. त्यांना कोण मागणार? मॅडम म्हणाल्या, स्टेला, जूननंतर तू दुसरं काम बघितलंस तर बरं, तुझ्याच भल्यासाठी सांगते. बघेन.

रविवारी, अकरा तारखेला, टेम्पो घेऊन तूच ये. माझ्या मांडीवर आणेन. वाटेत कुठेही थांबायचं नाही.

स्टेला

*

घोडेगाव,
१२ मे २०२५

प्रिय स्टेला,
सलाम. आज वन्सं लिहीत न्हाई, आज तू माझी बहीण हायस.

काल तुला टेम्पोनं लगेच माघारी जावं लागलं, म्हनून राहिलेलं लिहिते.

तू दिलेलं फडकं मी एकटीनं सोडलं. सिस्टर म्हनली हुती डोळ्यापुढून जानार न्हाई. जात न्हाई. जायला पन नको. तू लिहिलं हुतं कपाळ कानामागं टेकलंय, तसंच हाय. रंग तेवढा गेलाय, आन् हात लई गार. मी हात लावला. मला भीती वाटंल आसं वाटलं हुतं.

मग ह्यांना हाक मारली. ते दारात उभे ऱ्हायले. मग आत आले आन् बगितलं. मग दोरा घेऊन परत माप घेतलं, पेटी तयार आसताना. बरोबर हुतं.

वस्तीवरच्या बायका फाटकाशी जमल्या हुत्या. झुंबरबाई म्हनली, दयाबाई, जरा बगू तरी द्या. आत्याबाई पुढं जाऊन उभ्या ऱ्हायल्या. म्हनल्या, बगायचं आसंल तर शुक्रवारी बाजारात जा, तिथं दहा रुपये घेत्यात. बायका गेल्या. झुंबरबाई तेवढी ऱ्हायली. तिनं पदर डोक्यावर घेतला आन् कबरस्थानापातुर मागं मागं आली. तिचंबी एक गेलं हुतं, मला म्हाईत न्हवतं.

लेआ आन् राहेल. बायबलातल्या दोन बहिनी. पाळकसाहेबांनी दोनी नावं घेऊन प्रार्थना केली.

खिळे ठोकायच्या आधी तुझ्या भावानं इचारलं, लेआ कंची, राहेल कंची. मी म्हनले, डावीकडची लेआ. त्यांनी झाकनावर आतून पेन्सिलीनं डाव्या अंगाला लेआ लिहिलं, उजव्या अंगाला राहेल. आईला ओळखू येतं म्हनत्यात. मला येत न्हवतं. तरी मी सांगितलं.

जूनला काम सुटलं तर सरळ घरी ये. लोभ आमचा तुझ्यावर हाय, तुझा आमच्यावर आसू दे.

लेआ आन् राहेलची आई,
ग्रेस